चौथा बोल्ट

भटू, तुझा बारा-तेराचा पाना माझ्याकडे आहे. शिलाई मशीनच्या खणात, कात्रीशेजारी. तुझ्या दाजींनी तो त्या दिवशी पाळधीजवळून रुमालात गुंडाळून आणला. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, बोल्टवर तसाच अडकलेला होता, मोटरसायकल आडवी झाली तरी निघाला नव्हता. मी तो धुतलेला नाही. त्याला लागलेलं ग्रीस तसंच आहे आणि खण उघडला की त्याचा वास येतो.

गेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलावं म्हणतात. दारावर येऊन बसलेल्या बाया तेच करत होत्या, सोन्यासारखा भाऊ गेला गं बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तू सगळ्यांच्या अध्यात आणि मध्यात होतास. कुणाची मोटर बंद पडली की तू, कुणाच्या पंपाचा वॉशर गेला की तू. पण त्या बायांशी कुठे तोंड वाजवत बसू? मला भांडायचं आहे ते तुझ्याशी, आणि तू तर उत्तर द्यायला जागेवर नाहीस. आजवर असं कधी झालं नव्हतं. उलट उत्तर दिल्याशिवाय तुला घास उतरायचा नाही.

एकच गोष्ट मला कळायला हवी आहे. तो चौथा बोल्ट सैल होता का?

नव्या चौकटीच्या चार बोल्टांपैकी पहिले तीन तुझे कसून झाले होते. दाजींनी पाहिलं, तिघांवर गुलाबी रेघ होती. चौथ्यावर पाना होता आणि रेघ नव्हती. म्हणजे त्या बोल्टशी तुझं काम चालू असताना मागून तो पिकअप आला. गाडीला नुसता धक्का लागला. ती शेताच्या बाजूला कलंडली, आरसा फुटला, बाकी काही नाही. तू मागच्या चाकाशी उकिडवा बसला होतास. पिकअपवाला थांबला नाही. समोरच्या शेतात निंदणाऱ्या बायांनी पाहिलं, त्या धावत आल्या. एकीने तुझ्या तोंडात पाणी घालायचा प्रयत्न केला म्हणे. ती कोण होती ते मला अजून कळलं नाही, कळलं तर तिच्या पाया पडेन.

आणि तू माझ्याकडेच येत होतास.

आपल्याकडे लग्न होऊन गेलेली बहीण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आपल्या पायाने माहेरी जात नाही. भाऊ मुऱ्हाळी म्हणून घ्यायला यावा लागतो. आई होती तेव्हा तू आखाजीच्या तोंडावर यायचास. आई गेल्यावर रामनवमी झाली की यायला लागलास, कारण घरात बाईमाणूस नाही आणि उन्हाळकाम कोण करणार? कुरडया, पापड, वर्षभराचं तिखट, सगळं माझ्या गळ्यात. मी आरडाओरडा करायचे, की माझी इथली शिलाईची गिऱ्हाइकं कोण सांभाळेल? आणि रामनवमीच्या आधीच पिशवी भरून ठेवायचे. पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्या बायांना तुझ्या गाडीचा आवाज ओळखू यायचा. आला गं तुझा सर्कसवाला, म्हणायच्या.

सर्कसच होती ती. मुळात गाडी काय, तर शेतावर दुधाचे कॅन आणि ढेपेचं पोतं वाहायची सव्वाशे सीसीची, आबांनी घेतलेली. तिला तू डोंगरात न्यायची गाडी बनवायला घेतलीस. पोरं मोबाईलवर मोठाल्या गाड्या बघतात, तिकडे बर्फात जातात, नद्या ओलांडतात. तूही बघायचास. पण त्यांच्या गाडीला लावलेली वस्तू दिसली की तुझं एकच, यात काय आहे, हे तर आपल्या खळ्यात पडलंय. विकत आणलेल्या वस्तूचा तुला रागच होता. ठिबकची जुनी नळी उभी चिरून तू क्रॅशगार्डला गुंडाळलीस, दगड लागला तरी रंग जाऊ नये म्हणून. ऑईलच्या डब्याचं प्लास्टिक कापून हँडलवर बोटांना वारा न लागायची ढाल केलीस. चार इंची पाईपच्या तुकड्याला दोन्हीकडून टोपण बसवलं, त्यात पाने आणि पंक्चरचं सामान. साइड स्टँडच्या बुडाला हाताच्या तळव्याएवढी पत्र्याची चकती लावलीस, कारण आपल्या काळ्या मातीत स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. ती चकती पाहून गावातल्या आठ-दहा जणांनी तशीच लावून घेतली. ट्रकच्या ट्यूबचा मडफ्लॅप, फवारणीच्या जुन्या पंपाचे पट्टे, सगळं त्या गाडीवर गेलं. लोखंडाचं काम समोरच्या लोटन मिस्तरीकडे आणि कापडाचं काम माझ्याकडे.

लोटनचं आणि तुझं काय जमलं होतं देव जाणे. तो शब्दाला महाग माणूस, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा. तू खडूने त्याच्या दुकानाच्या फरशीवर चित्र काढायचास आणि तो मान हलवून ते पुसायचा आणि दुसरं काढायचा. आबा ओट्यावरून बघत बसायचे. पोराचं लग्न जमत नाही आणि पोरगा गाडीला कानातले घालतोय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरी शेतकऱ्याला कुठे मिळतात आता? चार ठिकाणी पाहून झालं, सगळीकडे पोरगा नोकरीला आहे का हा पहिला प्रश्न. तू मनाला लावून घेतलं नाहीस असं सगळ्यांना वाटायचं. मला ठाऊक होतं. नकार आला की आठवड्याच्या आत गाडीला काहीतरी नवं बसायचं.

पिशव्यांवरून आपण किती भांडलो रे. जुन्या ताडपत्रीच्या मागच्या दोन पिशव्या मी शिवल्या, माझ्या मशीनच्या सुया मोडल्या. तुला चेन पाहिजे होती, दिसायला नीट. मी म्हटलं, आपल्याकडची धूळ चेनीत बसली की ती दाताने ओढावी लागेल, पट्टा आणि बक्कल लाव. तू रुसलास. चेन लावून घेतलीस. एकाच उन्हाळ्यात ती अडकली आणि तू पिशवी ब्लेडने कापून आत ठेवलेला डबा काढलास, हे मला लोटनने सांगितलं, तू नाही. या वर्षी नवी जोडी करायची होती, आखाजी झाली की तुला धडगावच्या बाजूने नर्मदेच्या काठापर्यंत जायचं होतं. एक पिशवी शिवून झाली, बकलाची. दुसरी मशीनवर आहे. सुईखाली कापड तसंच आहे, मी मशीनचा पाय उचललेला नाही. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज मी शेजारच्या बाईकडे पाठवते.

तोरणमाळला नेलंस ते मात्र मी विसरणार नाही. आई गेल्याच्या नंतरचा हिवाळा होता. मी घरात कुणाशी नीट बोलत नव्हते, पोरं घाबरायची मला. तू आलास आणि दाजींना म्हणालास, अक्काला दोन दिवस घेऊन जातो. कुठे, ते सांगितलं नाहीस. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, म्हणून तू डाव्या बाजूला लाकडी पाट बसवला होतास, आईचा स्वयंपाकघरातला, खाली पट्ट्या मारून. साडीवर एकीकडे पाय सोडून बसणाऱ्या बाईला पाय टेकायला जागा. साडीगार्ड काढायचा का ठेवायचा यावर अर्धा तास वाद झाला आणि तो राहिला, कारण मी उतरूनच बसले. आणि निघालो.

पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरवर तू गाडी कडेला घेतलीस. मला वाटलं पंक्चर. तू पाईपमधून पाना काढलास आणि पाटाचे बोल्ट बघायला बसलास. तुझा हा नियमच होता. नवं काही बसवलं की पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबायचं आणि सगळे बोल्ट पुन्हा कसायचे, कारण नवी वस्तू हादऱ्यांनी आपली जागा धरते आणि बोल्टला ढील पडते. मी रस्त्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी, ट्रक गेले की साडी फडफडतेय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, अरे मेल्या, पुढे पंप आहे, ढाबा आहे, तिथे थांब की. तू खाली मान घालून म्हणालास, बोल्ट सैल झालेला असेल तर तो पंपापर्यंत वाट बघत नाही, अक्का.

तेव्हा एक बोल्ट खरंच अर्धा आटा फिरला होता. तू मला पाना धरायला लावून दाखवलंस. चेहऱ्यावर असा आनंद की जणू बारावी पास झालास. मग खूण करायला रंग पाहिजे होता, म्हणजे बोल्ट पुढे फिरला तर लांबूनच कळेल. माझ्या पर्समध्ये पुतणीच्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली होती, गुलाबी. बोल्टवरून खालच्या पट्टीवर तू एक रेघ ओढलीस. रेघ सरळ आहे तोवर बोल्ट जागेवर आहे, रेघ मोडली की तो फिरला. त्या दिवसापासून ती बाटली तुझ्या खिशात. संपली की माझ्याकडे नवी मागायचास, तीच गुलाबी. गावातली पोरं तुला काय काय चिडवायची! बिनलग्नाचा माणूस आणि खिशात नेलपॉलिश. अपघाताच्या दिवशी हवालदारानेही दाजींना विचारलं, गाडीवर बाई होती का म्हणून. दाजी तिथे रडले. तोवर रडले नव्हते.

वर तोरणमाळला तलावाच्या काठावर आपण बसलो. कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा, सगळं तू करून आणलं होतंस. भरीत खारट झालं होतं. मी जन्मात पहिल्यांदा कुठेतरी गेले होते जिथे मला कुणासाठी चूल पेटवायची नव्हती. मी तिथे आईसाठी रडले, मोठ्याने, आणि तू काही समजूत घातली नाहीस, टायरमध्ये रुतलेले खडे काढत बसलास. त्याचे मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात कोण मानतं आभार? आता मानते. त्या दोन दिवसांनी मी माणसात आले.

पण मेल्या हा शब्द आता तोंडात येतो आणि मी तो गिळते.

या रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. नवीन काय केलंय ते सांगणार नाहीस म्हणालास. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच, या वर्षी पाठ टेकवून येशील, राणीसारखी. घरातली ती लाल प्लास्टिकची खुर्ची, जिचा एक पाय मोडला होता, तिची पाठ कापून तू सीटमागे बसवली होतीस. लोटनने रॉड वाकवून चौकट वेल्ड करून दिली, चौकट गाडीला धरायला चार बोल्ट. खुर्चीच्या पाठीला आतून केळीच्या घडांमध्ये घालतात तो फोम. हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त म्हटलं, जेवायला वेळेवर ये, वरण-बट्टी आहे. तू म्हणालास, निघालोच. माझी बट्टी भाजून झाली, तूप घालून झालं, मी दारात दोन चकरा मारल्या. मग दाजींचा फोन वाजला आणि ते माझ्याकडे न बघता चप्पल घालायला लागले.

आबा तुला गावात घेऊन गेले. मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. मी आबांच्या गळ्यात पडायला गेले, तर त्यांनी माझे हात धरून बाजूला केले. म्हणाले, "तुलेच लेवाले निंघेल व्हता तो."

बस. मला घ्यायलाच निघाला होतास, एवढंच; पुढे एक शब्द नाही. तेरा दिवस मी त्या घरात राहिले, रांधलं, वाढलं, आलेल्या-गेलेल्याचं पाहिलं, आणि आबा माझ्याशी बोलले नाहीत. लोटनशी तर त्याहून वाईट वागले. दहाव्याला तो नदीवर आला, सगळ्यांच्या मागे उभा होता. आबांनी त्याला सगळ्यांसमोर परत पाठवलं. त्याच्या रॉडने माझा पोरगा खाल्ला, म्हणाले. कुणी मध्ये पडलं नाही. गावात तेच बोलणं होतं, खुर्ची निखळली असेल, वेल्ड तुटला असेल, तोल गेला असेल, असल्या खटपटी करायच्याच कशाला. पिकअप कुणाच्याच तोंडी नव्हता. पिकअपचा नंबर कुणाकडे नव्हता, लोटन समोरच राहत होता. तो गेला, दुकानाचं शटर ओढलं आणि तेव्हापासून उघडलं नाही. गेटच्या ऑर्डरी अर्ध्या टाकून बसला.

मला राग येत होता आबांचा, येतोय. आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. एका मुलाचा बाप, बायको आधीच गेलेली. ते ओट्यावर बसायचे आणि समोरच्या बंद शटरकडे बघायचे. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे, ताट सारायचे. मी पिंप्राळ्याला परत यायला निघाले तेव्हाही उठले नाहीत.

गाडी पोलिसांनी उशिरा सोडली. दाजींनी टेम्पोत घालून ती खळ्यात नेऊन ठेवली. मी तिला पाहिलंच नव्हतं. पाना इथे आणि बोल्ट तिथे. बसल्या बसल्या माझ्या मनात तेच यायचं. मशीनवर बसले तरी, कणीक मळताना तरी. सैल असेल तर तू थांबलास ते बरोबर होतं. सैल नसेल तर? तर मग कशासाठी रे? मी दाजींना म्हटलं, जाऊन बघून या. ते म्हणाले, कळून काय होणार आहे, सुमन. त्यांचं बरोबर असेल. पण मला कळायला हवं होतं.

मग एक दिवस लोटनचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला फोन केला असेल. म्हणाला, "अक्का, आबा गाडीवर घन घाली राहिनात." एवढंच बोलला आणि धरून राहिला. मला फोनमधून आवाज येत होता, लोखंडावर लोखंडाचा. आबांना ती चौकट गाडीवरून तोडून भंगारात टाकायची होती. सत्तरीचा माणूस, भर उन्हात. मी ओरडले, जा ना, धर त्यांना. तो म्हणाला, मला ते हात लावू देतील का? मग आवाज थांबला. लोटन म्हणाला, तुटलं नाही, अक्का. वेल्ड हललासुद्धा नाही. आबा तिथेच मातीत बसले आहेत.

त्यानंतर मला काहीच कळलं नाही. आखाजी जवळ आली. या वर्षी घरात पितरांसोबत तुझ्या नावाची पहिली घागर भरायची. घागरीवर डांगराचं फळ ठेवायचं, सांजोऱ्या करायच्या, नैवेद्य दाखवायचा. हे सगळं करणार कोण, आबा एकटे? गल्लीतल्या बायांचे भाऊ यायला लागले. पिशव्या घेऊन, पोरं घेऊन बाया रिक्षात बसत होत्या. मी दाजींना सांगून टाकलं, न बोलावता मी जाणार नाही. घागर मी इथेच भरीन. बापाने तोंड फिरवलंय, भाऊ राहिला नाही, मला घ्यायला येणार कोण आहे? हे बोलताना मी भांडी आपटत होते. दाजी उठून बाहेर गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दारात पाणी टाकत होते आणि गल्लीच्या तोंडाशी तुझ्या गाडीचा आवाज आला.

भटू, माझ्या हातातली बादली सुटली. समोरची बाई तिच्या दारात उभी होती, तिचाही चेहरा पांढरा झाला. पुढे लोटन बसला होता. मागे आबा. तुझ्या लाल खुर्चीला पाठ टेकवून, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांनी लोटनचा सदरा घट्ट धरलेला. तू तिची सर्कस केल्यापासून ज्या गाडीवर बसले नव्हते त्या गाडीवर.

आबा उतरले, कंबर धरून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, गाडीकडेच बघत होते. म्हणाले, "घन घाल्या, सुमी. तुटना नही."

मी पडलेली बादली उचलली. मग म्हणाले, "मुऱ्हाळी उना. चाल."

आबा स्वतः मुऱ्हाळी होऊन आले होते. मी पदर तोंडात घातला. लोटन खाली बघत हँडलवरची धूळ पुसत होता. वाटेत कुठे थांबलात, मी विचारलं. पाळधीच्या पुढे, पंपावर, आत घेऊन, लोटन म्हणाला. बोल्ट बघितले का? नाही म्हणाला, चौथ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. पाना पाईपमध्ये नव्हताच.

मी आत गेले आणि खणातून पाना आणला. खुर्चीच्या चौकटीचे चार बोल्ट. पुढचे दोन, मागचा डावीकडचा, तिघांवर तुझी रेघ. सरळ, जराही मोडलेली नाही, एवढे घन बसून. चौथा मागे उजवीकडे, चाकाच्या बाजूला, जिथे बसायला रस्त्याकडे पाठ करावी लागते. मी दारात ओल्या जमिनीवर बसले. पाना बोल्टवर बरोबर बसला. आबा माझ्या डोक्यावर वाकून उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. उभी राहून अंगाचा भार घातला. माझी बांगडी कोपरापर्यंत सरकली.

"सैल व्हता का?" आबांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी माझ्याकडे डोळे वर करून पाहिलेलं हे पहिल्यांदा. मी म्हटलं, हो आबा. सैल होता. अर्धा आटा फिरला आत्ता. सुटला असता वाटेत. मी पडले असते.

आबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. मग टोपी काढली, तिने डोळे पुसले आणि म्हणाले, "मंग थांबना ते बरं कयं तेनी." आणि दाराच्या पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्यायले. नंतर लोटनला म्हणाले, तू बी पी. लोटनने पाणी घेतलं, पण तो माझ्या मनगटाकडे बघत होता. आयुष्य पान्यांत गेलेला माणूस, त्याला दिसलंच असेल. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि मान फिरवली. हे तो कुणाला बोलणार नाही.

तो बोल्ट जागचा हलला नाही, भटू. केसभरसुद्धा नाही. आबांना मी खोटं सांगितलं, आता जन्मभर तेच सांगेन. खरं फक्त तुला सांगतेय. एक तर तो सैल नव्हताच, इतकं पक्कं काम केलं होतंस की बघायला थांबायची गरज नव्हती. नाहीतर तुझा तो कसून झाला होता, पाना काढायचा आणि खिशातली बाटली काढायची तेवढी राहिली होती. दोन्हींतलं काय, ते तुझ्याबरोबर गेलं. पाना मी परत खणात ठेवलाय, आता पुन्हा लावून बघणार नाही.

तुझी बाटली पोलिसांकडून आली होती, देवघरात ठेवली होती. ती आणली. घट्ट झालं होतं, दोन थेंब थिनर घालून हलवलं. चौथ्या बोल्टवरून पट्टीवर रेघ ओढली. रेघ वाकडी आली. तुझ्यासारखी नाही जमली.

मग माझी पिशवी शिवून झालेल्या त्या एका नव्या पिशवीत कोंबली, बकलाच्या, आणि गाडीला बांधली. दुसरी बाजू रिकामीच आहे. दाजींनी आबांना स्कूटरवर घेतलं. मी लोटनच्या मागे बसले, आईच्या पाटावर पाय ठेवले, खुर्चीला पाठ टेकली. तू म्हणाला होतास तशीच. फोम चांगला बसवला आहेस. गुडघ्याला आराम पडला. पाळधी ओलांडल्यावर तू थांबला होतास ते कडुलिंबाचं झाड आलं. लोटनने गाडी हळू केली. मी त्याच्या पाठीवर हात मारला, थांबू नको म्हटलं. झाडाची सावली रस्त्यापर्यंत आलेली होती, चांगली गार. त्या सावलीसाठीच थांबला असशील तू तिथे, एप्रिलच्या उन्हात.

आज तुझी घागर भरली. डांगर आबांनी स्वतः बाजारातून निवडून आणलं. दुपारी लोटन जेवायला आपल्या घरी होता, आबांच्या पंगतीला. समोरचं शटर अर्धं वर आहे. आबा आल्या-गेल्याला सांगतायत, पोराने बहिणीचा जीव वाचवला, बोल्ट सैल होता, थांबला म्हणून. गावाला पटलंय. आपलं भांडण त्यांच्यापुरतं तू जिंकलास.

माझ्यापुरतं नाही. पंप चार किलोमीटरवर होता, भटू. तिथे थांबायचं होतंस.